फक्कीच्या भिंती

सर माझ्यावर पहिल्यांदा ओरडले ते मी भिंतीतून चालत गेले म्हणून. भिंत तिथे नव्हती. केळीच्या वाडीतली साफ केलेली मोकळी जागा होती आणि तिच्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या, शाळेत खेळांच्या दिवशी मैदानावर मारतात तशा. मी डोक्यावर मेणाची पाटी घेऊन सरळ आत शिरले.

"अहो मेणबाई! भिंतीतून काय चालता? दार तिकडे आहे, दार!"

मी तेव्हा तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. पण ज्या माणसाने आपल्याला पाचवी ते सातवी चित्रकला शिकवली, तो ओरडला की पाय आपोआप थांबतात. मी मागे फिरले, वळसा घातला आणि दोन रेघांच्या मध्ये सोडलेल्या फटीतून आत आले. तरी सरांचं समाधान नाही.

"तिथे पायरी होती," ते म्हणाले. "आपटला असतात."

ही नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. माणिकपूरहून वसईगावाकडे जाणाऱ्या रस्त्याला सरांची वाडी होती. वाडीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, पत्र्याच्या दोन शेड. एकीत मी आणि माझी सासू मेणबत्त्या करायचो. आसपासच्या चार-पाच चर्चना आमच्याकडून जायच्या. दुसरीत किसन लोहार कोयते, विळे, खुरपी घडवायचा. तो मूळचा नगरकडचा, राहायला आचोळ्याला. तिथून रोज सायकलने यायचा. दोन शेडच्या मध्ये सरांची विहीर आणि पोफळीची रांग, त्यामुळे त्याच्या भट्टीची धग माझ्या मेणापर्यंत कधी पोचली नाही. त्याच्या ठोक्यांचा आवाज यायचा, तो आम्हाला सवयीचा झाला होता. दुपारी ठोके थांबले की माझी सासू, आय, म्हणायची, "लोहार जेवायला बसला, भात टाक."

मग रस्ता रुंद होणार असं ठरलं. दोन्ही शेड त्यात जाणार होत्या. सर आमचे जागामालक. त्यांनी मला आणि किसनला विहिरीपाशी बोलावलं.

"रस्त्यावरचं जाऊ दे. मी तुम्हाला वाडीत आत जागा देतो. विहिरीपासून चिंचेपर्यंत एकही झाड न तोडता जेवढी मोकळी जागा निघते, तेवढ्यात एक इमारत. दोघांची मिळून."

किसनने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याला आग आणि वारा हवा. मला गारवा हवा, आणि वारा मुळीच नको. वाती टांगून मेणात बुडवायच्या, निववायच्या, परत बुडवायच्या, असं वीस-पंचवीस वेळा. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की एका बाजूला मेण जाड बसतं.

"सर, एका छपराखाली कसं जमंल?" किसन म्हणाला.

"ते मलाही ठाऊक नाही," सर म्हणाले. "म्हणून तर बांधायचं."

असं बोलायचे. समोरच्याला वाटावं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं.

शाळेत असतानाही त्यांच्या तासाला हा गोंधळ ठरलेला. त्यांनी एक अख्खं वर्ष आमच्याकडून तांब्या काढून घेतला होता. टेबलावर तोच पितळी तांब्या. दर तासाला ते तो किंचित फिरवून ठेवायचे, कधी वर्गाची एक खिडकी लावून घ्यायचे, आणि म्हणायचे, "आज नवीन तांब्या काढा." आम्ही जुनंच चित्र गिरवलं की शून्य. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तांब्या तोच आहे ना?" ते बराच वेळ तांब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कालचा कुठे आहे? असला तर दाखवा मला." सहावीतल्या मुलीला 'दाखवा मला'. ते सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. वाडीतल्या कुत्र्यालासुद्धा. "अहो, जरा बाजूला व्हा," म्हणायचे, आणि कुत्रा व्हायचा.

त्यांच्याकडे लांब दांड्याची एक काळी छत्री होती, ती त्यांची मोजपट्टी. जागेची लांबी अकरा छत्र्या, रुंदी साडेसहा छत्र्या आणि एक मूठ. बोरिवलीला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने त्यांना चांगला पोलादी टेप आणून दिला, तर सरांनी त्याने केळीच्या घडाला टेकू बांधला. "फुटाचा काय संबंध?" ते म्हणाले. "माझी छत्री मला कळते. फूट कुणाचा होता, माहीत आहे का तुम्हाला?" आम्हाला माहीत नव्हतं.

रेघा मारायच्या आधी ते आठ दिवस किसनच्या शेडमध्ये जाऊन बसले आणि आठ दिवस माझ्या. नुसते बसून. हातात चहाचा कप आणि मध्येच एखादा प्रश्न. किसनला त्यांनी विचारलं, "घण मारताना तुम्ही बघता कुठे?" किसनने दिवसभर विचार केला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "लोखंडाच्या रंगाकडं." मला विचारलं, "मेणबत्ती वाकडी आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?" मी म्हटलं, "बघून." ते म्हणाले, "कशात बघून? उजेडात की सावलीत?" आय कोपऱ्यातून पुटपुटली, "मास्तरला कुणीतरी घरी सोडून या गं."

पण त्यातूनच एक गोष्ट निघाली, जी आमच्या दोघांच्याही ध्यानात कधी आली नव्हती. लोहाराला अंधार लागतो. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात दिसत नाही. केशरी कधी झालं आणि पिवळं कधी झालं ते अंधारातच कळतं. म्हणून किसनने शेडच्या दोन खिडक्यांना गोणपाट लावला होता. का लावला, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आणि मला उजेड लागत होता, पण ऊन नको. मी रोज मेणबत्त्यांची चौकट उचलून दारात आणायचे, बघायचे, परत आत न्यायचे. वर्षानुवर्षं. ज्याच्याकडे आग त्याला काळोख आणि जिला गारवा हवा तिला उजेड, असं सगळं उलटंच निघालं. त्या दिवशी सर इतके खूश झाले की विहिरीच्या कठड्यावर छत्रीने ठेका धरून बसले.

दुसऱ्या दिवसापासून रेघा सुरू झाल्या.

रोज सकाळी ते एका जुन्या डब्याला भोकं पाडून त्यातून फक्की मारायचे, आणि दिवसभर त्या रेघांना भिंती मानायचं. "आधी राहून बघा," एवढं एकच वाक्य ते न अडखळता बोलायचे. सोडलेली फट म्हणजे दार, तुटक रेघ म्हणजे खिडकी, आणि फुली म्हणजे काय ते रोज बदलायचं. एकदा मी फुलीवर टेबल मांडलं तर म्हणाले, "अहो, खांबावर मांडलंत." दुसऱ्या दिवशी त्या फुलीला वळसा घालून गेले तर म्हणाले, "गटाराला कशाला घाबरता? झाकण आहे." संध्याकाळी ते रेघा झाडूने पुसायचे, आणि सकाळी खोल्यांनी जागा बदललेल्या असायच्या. भट्टी पूर्वेला, भट्टी उत्तरेला, मेणाची खोली मध्ये, मेणाची खोली चिंचेखाली. समुद्रावरून दुपारी वारा येतो तो पश्चिमेचा, म्हणून भट्टीपेक्षा मी पश्चिमेला आणि धूर माझ्या पलीकडे, एवढं मात्र रोज तेच असायचं. बाकी काही नाही.

आणि मग त्या मेणबत्त्यांचं प्रकरण.

मधली भिंत भट्टीपासून किती लांब हवी ते सरांना ठरवायचं होतं. त्यांनी किसनला वाडीत तात्पुरती भट्टी पेटवायला लावली. माझ्याकडून चाळीस मेणबत्त्या घेतल्या आणि भट्टीभोवती छत्री-छत्रीच्या अंतरावर गोल गोल खोचून ठेवल्या. पेटवल्या नाहीत. कुठपर्यंतच्या वाकतात ते बघायचं होतं. रोज दिवसभर ते पाटीवर खुणा करत बसायचे.

रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय दिसत होतं, ते आम्हाला कळलंच नाही. केळींच्या मध्ये पेटती भट्टी, तिच्याभोवती मेणबत्त्यांची तीन कडी, आणि पांढऱ्या रेघा. आमच्या गावातल्या लोकांना वाटलं, लोहार काहीतरी हिंदूंचं करतोय. पलीकडच्या आळीतल्या हिंदूंना वाटलं, मेणबत्तीवाली काहीतरी ख्रिस्त्यांचं करते आहे. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली आणि कुणालाही न विचारता एक मेणबत्ती पेटवून, हात जोडून निघून गेली. मग दोघी आल्या. किसनच्या एका गिऱ्हाइकाने भट्टीपुढे नारळ फोडला. दुपारी पाहिलं तर अकरा मेणबत्त्या जळत होत्या आणि वाकलेल्या कुठल्या आणि जळून उतरलेल्या कुठल्या ते कळायला मार्ग नव्हता. सर छत्री हलवत त्यांच्यामागे धावत होते. "अहो, हे मोजमाप आहे! मोजमाप!"

संध्याकाळच्या आत फादर आले. स्कूटर रस्त्यावर उभी करून ते वाडीत शिरले ते थेट भिंतीतूनच. सर काही बोलायच्या आत मी त्यांना दारातून फिरवून आणलं.

"सर, लोक विचारतायत," फादर म्हणाले. "नेमकं काय चाललंय?"

"धग किती लांब जाते ते बघतोय."

"कुणाची धग?"

"लोहाराची."

फादर किसनकडे बघायला लागले. किसनने हात जोडले. "मी काय केलं नाय, फादर. मला पेटव म्हनले, पेटवली."

"आणि मेणबत्त्या आमच्या चर्चच्या आहेत का?" फादरनी मला विचारलं.

"तुमच्याच मापाच्या आहेत," मी म्हटलं. "पण तुमच्या नाहीत."

फादरनी जळणाऱ्या अकरा मेणबत्त्यांकडे पाहिलं, न जळणाऱ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ज्या पेटल्या आहेत त्या विझवू नका. कुणीतरी मनापासून लावल्या असतील." मग परत जाताना ते दारातूनच गेले. सर म्हणाले, "बुद्धिमान माणूस आहे."

मार्चमध्ये रस्त्याचं काम आमच्यापर्यंत आलं आणि शेड पाडल्या. आता वाडीखेरीज जागाच नव्हती. किसनने ताडपत्री ताणली आणि रेघांच्या आत भट्टी मांडली. मी केळीच्या सावलीत टेबल टाकलं. ईस्टरची मोठी मेणबत्ती, जी चर्चमध्ये वर्षभर उभी राहते, ती मला त्या उघड्यावर करायची होती. न बांधलेल्या इमारतीत आम्ही खरोखर राहायला लागलो. आणि गंमत म्हणजे सवय झाली. किसनकडे जायचं तर मी बाहेरून वळसा घालून त्याच्या दारात उभी राहायचे आणि हाक मारायचे. तो "या ताई" म्हणायचा, मगच आत. आयसुद्धा, जी सरांना वेडा म्हणायची, ती रेघ ओलांडताना पदर सावरून दारातून जायची.

त्याच सुमाराला एका रविवारी सरांचा मुलगा आला. शांत माणूस, बँकेत नोकरीला. त्याच्याबरोबर एका बिल्डरचा माणूस होता. वाडी विकायची बोलणी कधीपासून चालली होती, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

"बाबा, चार महिने झाले," मुलगा म्हणाला. "ह्या लोकांचा तरी विचार करा. पंधरा दिवसांत एक काय तो नकाशा पक्का करा. मी तेवढा तुकडा बाजूला ठेवायला सांगतो, तेच लोक बांधूनही देतील. नाहीतर मग नव्या बिल्डिंगमध्ये खाली दोन गाळे घेऊ यांच्यासाठी."

"गाळ्यात भट्टी चालत नाही," बिल्डरचा माणूस म्हणाला. "वरती फॅमिली राहणार."

"मग मी कुठं जाऊ?" किसनने विचारलं. माझ्या गाळ्याचं शटर पश्चिमेला येणार होतं. दुपारी चारच्या उन्हात पत्र्यामागे मेण कसं राहील ते मला सांगायची गरज नव्हती.

सर म्हणाले, "पंधरा दिवस पुष्कळ झाले. जवळजवळ झालंच आहे."

पण दुसऱ्या दिवशी रेघा बदलल्या. तिसऱ्या दिवशी परत. चांगला म्हणून आम्ही दोघांनी हो म्हटलेला नकाशा त्यांनी संध्याकाळी पुसला आणि सकाळी भलताच मांडला. मी म्हटलं, "सर, कालचा चांगला होता." ते म्हणाले, "कालचा कुठला?" मला शाळेतला तांब्या आठवला. मला वाटलं, हा त्यांचा जुनाच पाठ आहे.

मग तो दिवस आला.

किसन सकाळी लवकर येऊन कामाला लागला होता. सर आले आणि त्याच्याभोवतीच रेघा मारू लागले. त्यात नवल काही नव्हतं. बाराच्या सुमाराला ठोके थांबले. मी भाताचं आधण उतरवून पाहिलं तर किसन जेवायला गेला नव्हता. भट्टीपाशी हात बांधून उभा होता.

"काय झालं?"

"दार नाय ताई," तो हळू आवाजात म्हणाला.

मी चारी बाजूंनी पाहिलं. खरंच नव्हतं. माझ्या खोलीला दोन दारं होती, एकमेकांना लागून. किसनच्या चारी भिंती अखंड होत्या. त्याने पाय उचलला असता तर बाहेर आला असता. त्याचा डबा समोर सायकलला टांगलेला होता. पण तो उभा राहिला. मी त्याला पुढे कितीदा तरी विचारलं, का उभा राहिलास? प्रत्येक वेळी त्याने वेगळं उत्तर दिलं.

"सर," त्याने हाक मारली. "मी भायेर कसा येऊ?"

सर हसले. मग त्यांनी रेघेकडे पाहिलं. रेघेच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारली, मग दुसरी. दुसऱ्या फेरीला हातातल्या डब्यातून फक्की गळत होती आणि चालतील तिथे नव्या रेघा उठत होत्या.

"अहो, दार... दार होतं की इथे. मी केलं होतं." मग माझ्याकडे वळून, अगदी बारीक आवाजात, "मेणबाई, यांचं दार कुठे होतं?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आणि कळलं तरी नीट कळलं नाही. रोज पुसणं आणि रोज मांडणं, यातलं किती मुद्दाम होतं? त्यांना कालचं नको होतं, की काल आठवतच नव्हता? कुठल्या दिवसापासून? पहिल्या दिवसापासून असेल का? मी आजही त्या चार महिन्यांतला एकेक दिवस काढून बघते आणि मला ती सीमा सापडत नाही.

"चिंचेकडे होतं, सर," मी म्हटलं. ते खोटं होतं. रोज वेगळीकडे असायचं.

"हो. चिंचेकडे." त्यांनी पायाने फक्की पुसली. किसन त्या फटीतून बाहेर आला आणि डबा न उघडता विहिरीच्या आड जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी जो नकाशा मांडला तसा आधी कधी मांडला नव्हता. किसनची खोली पूर्वेला, बुटकी, अंधारी, धुराला वर वाट. माझी पश्चिमेला, उत्तरेकडे एकच लांब खिडकी, म्हणजे उजेड दिवसभर आणि ऊन कधीच नाही. आणि दोन खोल्यांच्या मध्ये एका भिंतीऐवजी दोन भिंती, त्यांच्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढा उघडा बोळ. धग बोळात शिरणार आणि वर निघून जाणार. आम्ही दिवसभर त्यात काम केलं. एकदाही काही हलवावं लागलं नाही. सर स्वतः तीन वेळा बोळातून आडवे चालून आले.

संध्याकाळी ते झाडू आणायला गेले. किसनने मला विचारलं नाही. सांगितलंही नाही. त्याने दुपारीच लोखंडाच्या हातभर लांब खुंट्या करून ठेवल्या होत्या. सर झाडू शोधत होते तेवढ्यात त्याने रेघांच्या प्रत्येक कोपऱ्यावर एकेक खुंटी घणाने ठोकून जमिनीबरोबर केली. मग सर आले, रेघा पुसल्या आणि घरी गेले. खुंट्या मातीत राहिल्या.

सकाळी त्यांना त्या दिसल्या. एकीपाशी वाकून त्यांनी तिच्या डोक्यावर बोट फिरवलं.

"हे कुणी ठोकलं?"

किसनने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमीच सांगितलं की सर. काल जाताना. म्हनले, हेच पक्कं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चित्र तपासताना बघायचे तसं, बराच वेळ.

"मेणबाई, मी सांगितलं?"

"हो सर."

"बरं," ते म्हणाले. "मग झालं."

त्यांनी फक्कीचा डबा विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. किसनने दिवसभर घण उचलला नाही.

ईस्टरच्या आधी पापकबुलीला गेले तेव्हा मी फादरना हे सांगितलं. जाळीच्या पलीकडून त्यांनी विचारलं, "खोटं बोललीस ते जागा मिळावी म्हणून, की सरांची सुटका व्हावी म्हणून?"

"तेच कळत नाही, फादर."

फादर मग म्हणाले, "प्रार्थना सांगतो ती दोन्हीसाठी म्हण. ज्यासाठी नसेल त्याची वाया जाणार नाही."

मुलाने शब्द पाळला. खुंट्यांवरून नकाशा काढून घेतला, तेवढा तुकडा बाजूला ठेवला आणि बाकीची वाडी गेली. आधी केळी गेल्या, मग पोफळी. पावसाळ्यानंतर आमची इमारत उभी राहिली, आणि पाठोपाठ उत्तर सोडून तिच्या तिन्ही बाजूंना चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगी. विहीर राहिली, चिंच राहिली. आमची लाल विटांची बुटकी इमारत त्यांच्यामध्ये अशी दिसते की नव्या माणसाला वाटतं, पाण्याच्या पंपाची खोली असेल.

उत्तरेच्या खिडकीतला उजेड अजूनही मला रोज आश्चर्य वाटावं इतका चांगला येतो. पण एक चूक राहिली. मे महिन्यात, दुपारी, मधल्या भिंतीकडच्या फळीवरच्या मेणबत्त्या वाकतात. फार नाही, मान कलती करावी तेवढ्या. बोळ फूटभर अरुंद पडला. मार्चमध्ये ते कळणार नव्हतं. कदाचित दुसऱ्या दिवशीच्या रेघांमध्ये सरांनी तो रुंद केला असता. कदाचित भट्टी पार रस्त्यावर नेली असती. पहिल्या मे महिन्यात मी वाकलेल्या मेणबत्त्या घेऊन किसनच्या दारात गेले. त्याने त्या हातात घेऊन पाहिल्या. तेव्हापासून मे महिन्यात तो दुपारी बारा ते चार भट्टी बंद ठेवतो आणि पहाटे लवकर येतो. यावर आमच्यात एक शब्दही झालेला नाही.

सर सुरुवातीला रोज यायचे. विहिरीवर बसायचे. कधी मला ओळखायचे, कधी नुसत्याच आदराने "नमस्कार बाई" म्हणायचे. मग मुलगा त्यांना बोरिवलीला घेऊन गेला. दोन वर्षांनी गेल्याचं कळलं, तेही दिवस होऊन गेल्यावर.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलगा आला. एकटाच. पहिल्यांदाच तो ती इमारत आतून बघत होता. खिडकीपाशी उभा राहिला, बोळात डोकावला, भिंतीवर हात फिरवला. मी त्याला खुर्ची दिली. मग मला राहवलं नाही. मी त्याला खुंट्यांचं सगळं सांगितलं. आम्ही त्यांच्याशी खोटं बोललो, त्यांच्या विसरण्याचा फायदा घेतला, हे सगळं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच दिवशी संध्याकाळी बाबांनी मला फोन केला होता. म्हणाले, आज लोहारसाहेब आणि मेणबाई माझ्याशी खोटं बोलले. बरं केलं. मला थांबता येत नव्हतं."

माझ्या हातात वातींची चौकट होती. ती मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही.

"नक्की असंच म्हणाले?"

"हो. म्हणजे..." तो खिडकीकडे बघत होता. "त्या दिवसांत ते फोनवर बरंच काही बोलायचे. एकदा म्हणाले, कुत्रा रजेवर गेलाय. पण हे म्हणाले होते. मला वाटतं, म्हणाले होते."

मी पुढे विचारलं नाही. तो खरं सांगत होता, की माझं तोंड बघून मला बरं वाटावं म्हणून बोलला, हे विचारण्याचा हक्क मला नव्हता. त्याच्या वडिलांशी मी काय केलं ते मी नुकतंच सांगितलं होतं. तो चहा पिऊन गेला.

पलीकडचे ठोके केव्हाच थांबले होते. किसन बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, हातात सांडशी तशीच.

"सरांचा मुलगा ना? काय म्हनला?"

"म्हणाला, सरांना माहीत होतं. आपण खोटं बोललो ते."

किसनने कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं, तो रडेल. मग त्याने आडवं होऊन बोळात एक खांदा घातला, जेमतेम मावला, आणि मान हलवली.

"छ्या, ताई. म्हाईत असतं तर ह्यो बोळ एक फूट वाढवून घेतला असता त्यांनी."

तेही खरं होतं.